केराटोकोनसमध्ये अचानक सुजलेलं बुबुळ : वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा 19 वर्षांचा आहे. ॲलर्जीमुळे लहानपणापासून डोळे चोळतो. दोन वर्षांपूर्वी केराटोकोनस (बुबुळ झिजून टोकदार होण्याचा आजार) निघाला. गेल्या आठवड्यात सकाळी उठला तर उजव्या डोळ्याला काही दिसेना. बुबुळावर दुधी डाग, सारखं पाणी, उजेड सोसवत नाही. इथल्या डॉक्टरांनी हायड्रॉप्स (बुबुळात पाणी शिरून आलेली सूज) सांगून फक्त थेंब दिले. घरचे म्हणतात, पुण्याला नेऊन लगेच नेत्ररोपण करून घ्या. काय करू?
*– एक आई, बार्शी*

उत्तर : ताई, डॉक्टरांनी बरोबर केलं आहे. आत्ता नेत्ररोपणाची घाई करू नका.

कॉर्निया म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याच्या आतल्या बाजूला डेसिमेट नावाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा पातळ पापुद्रा असतो. त्यावरच्या पेशी कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसतात, म्हणून तो काचेसारखा राहतो. केराटोकोनसमध्ये कॉर्निया झिजून पुढे टोकदार होतो, पापुद्रा ताणला जातो आणि एक दिवस फाटतो. त्या फटीतून डोळ्यातलं पाणी आत शिरतं आणि कॉर्निया फुगून पांढरा पडतो. शेजारच्या पेशी हळूहळू सरकून ती फट झाकतात. याला साधारण 2 ते 4 महिने लागतात. सुजलेल्या कॉर्नियात टाके नीट धरत नाहीत, लालबुंद डोळ्यात नवीन कॉर्निया नाकारला जाण्याचा धोकाही जास्त. शिवाय सूज उतरल्यावर डाग मध्यभागी नसेल, तर काही जणांचं काम कॉन्टॅक्ट लेन्सवर भागतं. कधीकधी कॉर्निया आधीपेक्षा सपाट झाल्याने लेन्स उलट नीट बसते. रोपण लागलंच, तर ते डोळा शांत झाल्यावर करतात.

आता थेंबांबद्दल. 5 टक्के सोडियम क्लोराइडचे थेंब बहुधा दिवसातून 4 ते 6 वेळा आणि झोपताना 6 टक्क्यांचं मलम देतात. ते मिठाच्या जोरावर वरच्या थरातलं पाणी ओढून घेतं. टाकल्यावर मिनिटभर चुरचुरतं, तेवढ्यासाठी बंद करू नका. फाटलेला पापुद्रा मात्र या थेंबांनी शिवला जात नाही, त्यामुळे आठवड्यात फरक दिसला नाही तर औषध लागू पडत नाही असं समजू नका. घरी मीठ-पाणी कालवून डोळ्यात घालायचा विचारही करू नका. त्यात जंतू असतात, प्रमाणही जमत नाही.

होमाट्रोपिनसारखे बाहुली मोठी करणारे थेंब ठणका कमी करतात. त्यामुळे जवळचं अंधुक दिसतं आणि उजेड जास्तच टोचतो, म्हणून गडद चष्मा घालू द्या. डोळ्याचा दाब उतरवायला टिमोलॉल दिलं असेल आणि मुलाला दमा असेल, तर डॉक्टरांना आजच सांगा. ॲलर्जीच्या मुलांत दमा बऱ्याचदा असतो आणि टिमोलॉलने तो बळावू शकतो. स्टेरॉइडचे थेंब फक्त त्यांच्या सांगण्यावरून, तपासणी चालू ठेवूनच.

दोन थेंबांमध्ये 5 मिनिटं जाऊ द्या, मलम शेवटी. खालची पापणी ओढून तयार होणाऱ्या खोबणीत एकच थेंब सोडा, बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स पूर्ण बंद.

सगळ्यात मोठं पथ्य म्हणजे चोळणं बंद. नुसतं रागावून ते थांबत नाही, खाज थांबवावी लागते. ॲलर्जीचे थेंब, बंद पापणीवर गार पट्टी, रात्री प्लास्टिकचं कवच. उशीत तोंड खुपसून झोपू देऊ नका. पोरं झोपेत चोळतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

अचानक गरम पाण्यासारखं काही वाहिलं, दुखणं वाढलं किंवा पू दिसला, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. कॉर्नियाला भोक पडणं किंवा जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण होतो.

प्रश्न : महिना झाला, सूज तशीच आहे. डॉक्टर डोळ्यात गॅस सोडायचं म्हणतात. ते सुरक्षित आहे का?
*– एक वाचक, सांगली*

उत्तर : फट मोठी असेल तर हा चांगला पर्याय आहे. ऑपरेशन थिएटरमध्ये कॉर्नियामागच्या पोकळीत 14 टक्के सी-3-एफ-8 किंवा 20 टक्के एसएफ-6 गॅसचा बुडबुडा सोडतात. तो फाटलेला पापुद्रा आतून दाबून धरतो, पाणी शिरायचं थांबतं. कधी जोडीला कॉर्नियातून टाकेही घालतात. सूज काही आठवडे आधी उतरते. शेवटच्या नजरेत मात्र फार फरक पडतोच असं नाही, हे आधीच समजून घ्या.

बुडबुडा वर तरंगतो, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस उताणं झोपावं लागतं. इथे आळस केला तर गॅस भलत्या जागी जातो. बाहुली बुडबुड्याने बंद झाली, तर दाब एकदम चढतो: डोळा आणि कपाळ फुटल्यासारखं दुखतं, उलट्या होतात. असं झाल्यास सकाळची वाट पाहू नका, रात्रीच फोन करा. गॅस विरेपर्यंत विमानप्रवास नाही, कारण उंचीवर तो फुगतो. महाबळेश्वरसारख्या घाटमाथ्यावर जायचं असेल तरी आधी विचारा. दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी भूल देणार असतील, तर डोळ्यात गॅस असल्याचं भूलतज्ज्ञांना सांगा. आधीचे थेंब तसेच चालू ठेवू नका, यादी नव्याने लिहून घ्या.

प्रश्न : दुसरा डोळा वाचवता येईल का?
*– एक वाचक, नागपूर*

उत्तर : होय, आणि खरा जोर तिथेच द्या. केराटोकोनस बहुधा दोन्ही डोळ्यांत असतो. टोपोग्राफी (कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) करून घ्या, तरुण वयात दर 3 ते 6 महिन्यांनी. आजार वाढत असेल तर सी-3-आर हा कॉर्निया बळकट करण्याचा उपचार करतात: रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण, मूळ पद्धतीत 30 मिनिटं. नेहमीच्या पद्धतीला कॉर्निया निदान 400 मायक्रॉन जाड लागतो, म्हणून उशीर नको. याने आजार रोखला जातो, चष्मा जात नाही. सुजलेल्या डोळ्यात हे करत नाहीत.

प्रश्न : ऊस तोडताना वडिलांच्या डोळ्याला पात लागली. चार दिवसांनी बुबुळ पांढरं झालं. मेडिकलमधून आणलेले थेंब घालतोय. हीच सूज का?
*– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा*

उत्तर : नाही. हा बुरशीचा संसर्ग असण्याची दाट शक्यता आहे. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशी फोफावते. थेंब आत्ताच थांबवा, आजच नेत्रतज्ज्ञांकडे न्या आणि बाटली सोबत घ्या. जखमेचा नमुना काढून तपासल्याशिवाय औषध ठरवता येत नाही.