भिंतीवरचे हळदीचे आणि तेलाचे डाग रंग न उडवता कसे काढायचे?

तुम्ही लिहिलंय की सांगलीत गावभागात भाड्यानं राहता, घरातल्या हळदीच्या कार्यक्रमात पाहुण्यांचे पिवळे हात भिंतीला लागले, ओट्यामागे फोडणीचे शिंतोडे आहेत आणि भिंतीच्या खालच्या बाजूला पांढरं पीठ सुटतंय. हे तीन वेगळे प्रकार आहेत, तिन्हीला एकच औषध चालणार नाही.

आधी कपाटामागे ओलं पांढरं फडकं थोडं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर डिस्टेंपर किंवा चुना आहे. तिथं ओलं काही घासलंत तर डागाबरोबर रंगही उतरेल. त्यापेक्षा डाग सँडपेपरनं हलका खरवडून, ऑइल प्रायमरचा हात देऊन वर तोच शेड मारा. फडकं स्वच्छ राहिलं तर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट. मग पुढचं वाचा.

हळदीला साबण लावू नका! सगळे हेच करतात आणि मग पिवळ्याचा लाल डाग बघत बसतात. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचा पिवळा रंग, क्षार (अल्कली) लागला की लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. साबण, खायचा सोडा, कपड्याची पावडर, सगळं क्षारच. डाग लाल झालाच असेल तर पाणी घातलेलं व्हिनेगर टिपा, परत पिवळा होईल. पण नुसता पिवळा होईल, जाणार नाही.

कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतं. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा, गॅस बंद ठेवा, खिडक्या उघडा. कापसाचा बोळा जेमतेम ओला करून डागाच्या कडेकडून मधे टिपत जा. घासू नका, स्पिरिटनं प्लास्टिक पेंट मऊ पडतो. बोळा पिवळा झाला की टाकून नवा घ्या, नाहीतर तीच हळद शेजारी पसरते. शेवटी फिकट छटा राहील. तिच्यामागे लागू नका. पडदे बाजूला करा, उजेडानं हळद आपोआप उडते. आणि घाईघाईत व्हिनेगरवर ब्लीच ओतू नका, विषारी क्लोरिन वायू सुटतो.

ओट्यामागच्या तेलात हळद असणारच, म्हणून तिथंही आधी स्पिरिट. नंतर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, स्पंजनं पुसायचं, लगेच कोरडं करायचं. घासणी नको, चमक जाऊन चट्टा दिसतो.

खालचं पांढरं पीठ म्हणजे डाग नव्हे, लोणा. भिंतीतली ओल वर येते, पाणी उडतं, मिठासारखे क्षार मागे राहतात. धुतलंत तर ते विरघळून परत आत जातील. कोरड्या ब्रशनं झाडून घ्या, एवढंच. 2019 च्या पुरात त्या घरात पाणी होतं का, हे शेजाऱ्यांना विचारून ठेवा. ओल थांबल्याशिवाय तिथं कुठलाच रंग टिकणार नाही, आणि ते काम मालकांचं. आत्ताच फोटो काढून त्यांना पाठवा, घर सोडताना त्याचे पैसे डिपॉझिटमधून कापू देऊ नका.