चातुर्मासात वांगी सोडू नका, चकल्या सोडा

प्रश्न : वय 43, राहते डोंबिवलीत, नोकरी फोर्टमध्ये. पहाटे उठून दोन भाज्या, चार डबे, मग धावत फास्ट लोकल. संध्याकाळी मुलाचा अबॅकस, मुलीचा तबला. शिवाय महिन्याची भिशी, सोसायटीच्या गणपतीचा हिशेब आणि दिवाळीत ओळखीपाळखीच्या घरांसाठी चकल्या. आयुष्य साधं करायचं म्हणून घर आवरलं, धान्याला एकसारखे डबे आणले, वेळापत्रकाचं अ‍ॅप घेतलं. आता ते अ‍ॅप भरत बसणं हेच एक काम झालंय. कुठून सुरुवात करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, साधेपणा आणायला तुम्ही बाजारात गेलात, तिथेच मला खटकलं. डबे आलेच आहेत तर राहू द्या. अ‍ॅप आजच काढून टाका.

सगळं एकदम हलकं करायला जाऊ नका, घरचेच हाणून पाडतील. आपल्याकडे सोडायची एक रीतसर सोय आहे, चातुर्मास. आषाढी एकादशीला नेम धरायचा, कार्तिकीला सोडायचा. चार महिने, अधिक मास मध्ये आला तर पाच. 2023 साली अधिक श्रावणामुळे झाले तसे. लोक कांदा-लसूण सोडतात, वांगी सोडतात. माझ्या सासूबाईंनी एका वर्षी शिवण सोडलं. चाळीतल्या निम्म्या बायकांची पोलकी त्या फुकट शिवून द्यायच्या, वर 'गळा जरा मोठाच झाला हो' हेही ऐकून घ्यायच्या. आषाढीला त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि झाकणावर पोथी ठेवली. पोथी उचला आणि माझं पोलकं शिवा, असं म्हणायची कुणाची टाप होती? कार्तिकीनंतर मशीन सुरू झालं ते शिलाई घेऊन.

तुम्हाला नुसतं 'जमणार नाही' म्हटलं तर लोक कारणं विचारतील, रुसतील. 'नेम आहे' म्हटलं की तोंडं बंद. गणपती आणि दिवाळी दोन्ही याच काळात येतात, म्हणजे तुमच्या यादीतली जड कामंही. पण त्यातलं एकच सोडा. चकल्यांचे पैसे घेता की नाही, ते लिहिलं नाहीत. घेत असाल तर चकल्या ठेवा आणि हिशेबाची वही दुसऱ्या कुणाकडे द्या. फुकट करत असाल तर चकल्या घरापुरत्याच. आणि हे आषाढीलाच सांगून मोकळ्या व्हा. भाजणी दळून आल्यावर कोण ऐकतंय?

गाडीसाठी मात्र एकादशीची वाट पाहायला नको. फास्ट मागूनच खच्चून भरून येते. डोंबिवलीहूनच सुटणारी स्लो धरा. सीएसएमटीला पोचायला वीसेक मिनिटं जास्त लागतील, पण बसायला मिळेल. त्यासाठी लवकर निघावं लागेल, तर दोन भाज्यांची एक करा. डब्यात एक भाजी कमी आली म्हणून कुणी उपाशी राहत नाही. आणि बसायला मिळालं म्हणून गाडीत मटार सोलत बसू नका. खिडकी मिळाली तर ठाण्याची खाडी बघा, नाहीतर सरळ झोपा.

भिशी तुम्हाला आवडते की नाही, ते तुम्हीच ठरवा. अबॅकस हवाय का, हे मुलाला एकदा विचारा. तबला चालू राहू दे, फक्त सोडायला-आणायला मुलीच्या बाबांना धाडा. तुमच्या एवढ्या पत्रात ते मला कुठे दिसलेच नाहीत.