वाचकांचे प्रश्न : इनटेक बदलायचाय, पण कुठला?

प्रश्न : माझ्याकडे दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे, २ लिटरचं, टर्बो नसलेलं म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स, बाकी गाडी पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच. आता इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर, बदलायचा विचार आहे. एक शॉर्ट इनटेक बघितलाय, त्याचा कोन फिल्टर बॉनेटच्या आत उघडाच राहतो. दुसरा लांब पाइपवाला, त्याचा फिल्टर खाली बंपरच्या मागे बसतो. पॉवर वाढते असं दोन्हीवाले म्हणतात. नेमका कुठला घेऊ?

उत्तर : तुम्ही दोनातला एक निवडायला सांगताय, पण त्याच्या आधी तुमच्या गाडीचा स्टॉक एअर बॉक्स, म्हणजे फिल्टरचा मूळ डबा, इंजिनाला खरंच किती अडवतोय ते मोजून घ्या. ते न बघता इनटेक घेणं म्हणजे ताप न बघता औषध घेणं.

मोजायला महागडं काही लागत नाही. पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी घ्या, तिचा यू करून एका फळीवर उभा बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक मोकळं सोडायचं आणि दुसरं टोक बॉनेटखालून नेऊन फिल्टरच्या पुढे, एअरफ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा मॅफ) आणि थ्रॉटल बॉडी (हवा कमी-जास्त सोडणारी झडप) यांच्या मधल्या पाइपला जोडायचं. जोड घट्ट पाहिजे, आणि यूचे दोन्ही हात चांगले मीटरभर उंच ठेवा, नाहीतर पाणी थेट इंजिनात ओढलं जायचं. मग डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवून पॉवर मोजायचं यंत्र) किंवा ट्रॅकवर, म्हणजे रस्त्यावर अजिबात नाही, फुल थ्रॉटलला रेडलाइनपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या कमाल फेऱ्यांपर्यंत, ओढा आणि शेजारी बसलेल्याला नळीवर नजर ठेवायला सांगा. इंजिनाच्या बाजूचं पाणी वर चढतं, दुसऱ्या बाजूचं खाली जातं, त्या दोन पातळ्यांमधला फरक लिहून घ्या.

आता हिशोब. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास १ किलोपास्कल. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, म्हणजे १० सेंटिमीटरला ढोबळ १ टक्का धरा. समजा फरक २५ सेंटिमीटर आला, तर जगातला सगळ्यात भारी इनटेक लावला तरी अडथळा कमी होऊन मिळणारी पॉवर अडीच टक्क्यांच्या आसपासच थांबणार, २०० एचपीच्या गाडीत ५ एचपी. तेवढेही पूर्ण मिळत नाहीत, कारण हवा पाइपातून वेगात जाते म्हणून दाब थोडा पडतोच आणि तेवढा भाग कुठलंच किट काढू शकत नाही. हा आकडा हातात असला की बॉक्सवर छापलेले १५ एचपी वाचून भुलायला होत नाही.

दुसरी गोष्ट तापमान, आणि शॉर्ट इनटेक खरा इथे मार खातो. बॉनेटखाली रेडिएटरची आणि एक्झॉस्टची गरम हवा भरलेली असते, आणि उघडा कोन तीच ओढतो. ३० अंशाची हवा ६० अंशावर गेली की ती जवळपास ९ टक्के विरळ होते, वर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गरम हवा बघून नॉक (पेट्रोल अवेळी पेटून होणारा ठोका) होऊ नये म्हणून इग्निशन टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, तो भाग वेगळाच. म्हणजे अडथळ्यात दोन टक्के कमवायचे आणि उष्णतेत त्याच्या कितीतरी पट घालवायचे. गाडी वेगात असताना ताजी हवा आत येते आणि फरक बराच कमी होतो हे खरं, पण ट्रॅफिकमधून किंवा हेअरपिनमधून बाहेर पडताना जिथे तुम्हाला पिकअप पाहिजे असतो तिथेच तो मिळत नाही. आणि डायनोचा आलेख दाखवला तर बॉनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावला होता का हे नक्की विचारा, कारण मग ती चाचणी तुमच्या रस्त्यावरच्या गाडीची राहत नाही. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून इनटेकचं तापमान स्वतः बघा, स्टॉक बॉक्स चालत्या गाडीत बाहेरच्या हवेच्या जवळपास असेल तर त्याने आपलं काम केलंय.

लांब पाइपवाला हवा थंड घेतो, पण फिल्टर जमिनीच्या जवळ येतो. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली आणि फिल्टर बुडाला तर पाणी सिलिंडरमध्ये जातं, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात रोज गाडी चालवत असाल तर मी हा लावू देणार नाही, एवढं स्पष्ट सांगतो.

राहिला सेन्सरचा मुद्दा, जो किट विकणारे फार पटकन उरकतात. मॅफ सेन्सर सगळी हवा मोजत नाही, त्याच्या समोरून जाणाऱ्या हवेवरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज ठरावीक व्यासाच्या पाइपासाठी कॅलिब्रेट केलेला असतो. ७० मिलिमीटरच्या जागी ७६ चा पाइप आला की क्षेत्रफळ १८ टक्के वाढतं, सेन्सरला हवा १५ टक्के कमी वाटते, आणि इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर, चालायला लागतं. हळू चालवताना एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू पेट्रोल वाढवतो, पण फुल थ्रॉटलला बऱ्याच गाड्या त्याचं ऐकत नाहीत, आणि नुकसान तिथेच होतं. म्हणून सेन्सरच्या जागी व्यास स्टॉकइतकाच आहे का ते विचारा, आणि बसवल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल कायमचं किती टक्के वाढवतोय, ते स्कॅनरवर बघा. आधीच्या तुलनेत पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, दहाच्या पुढे गेलं किंवा इंजिन लीन असल्याचा पी०१७१ कोड आला तर आधी हवा कुठून गळतेय का ते शोधा, नसेल गळत तर ट्यून केल्याशिवाय (ईसीयूची सेटिंग बदलल्याशिवाय) ओढू नका.

थोडक्यात, पाण्याचा फरक कमी आला तर स्टॉक बॉक्स ठेवा आणि आत चांगला पॅनल (चपटा) फिल्टर टाका. फरक खरंच मोठा असेल तर बंद डब्याचा, समोरून हवा घेणारा इनटेक शोधा, तुमच्या यादीत नाहीये पण मी तोच घेतला असता.

प्रश्न : माझी गाडी टर्बो आहे. मला मुख्य म्हणजे आवाज हवाय. त्यासाठी इनटेक घेणं चुकीचं आहे का?

उत्तर : अजिबात नाही. कंपनीने पाइपाला रेझोनेटर जोडलेले असतात ते आवाज गिळायलाच, ते निघाले की टर्बोची शिट्टी आणि थ्रॉटल सोडल्यावरचा फुस्स मस्त ऐकू येतो. आवाजासाठी घेताय तर आवाजासाठीच घ्या, आणि त्यातून पॉवरची अपेक्षा ठेवू नका. टर्बोच्या आधीचा अडथळा कमी झाला की टर्बोला त्याच बूस्टसाठी (हवेच्या दाबासाठी) कमी राबावं लागतं, पण बहुतेक नवे ईसीयू ठरलेल्या टॉर्कवरच थांबतात, त्यामुळे फायदा दिसायला ट्यून लागतो. क्लॅम्प मात्र नीट घट्ट आवळा. आणि पाइपाचं आतलं वेल्डिंग बोटाने चाचपून बघा, तिथला सुटा तुकडा कॉम्प्रेसर व्हीलवर (टर्बोच्या हवा ढकलणाऱ्या पात्यांवर) गेला तर टर्बो गेला.

प्रश्न : फिल्टर ऑइलवाला कॉटनचा घेऊ की ड्राय?

उत्तर : ड्राय. ऑइलवाला वाईट नाही, पण धुतल्यावर लोक हौसेने जास्त ऑइल ओततात आणि ते मॅफ सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. ऑइलवाला असेलच तर धुवून सावलीत पूर्ण वाळू द्या, कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आणि प्रत्येक घडीवर ऑइलची एकच बारीक रेघ. दोन्हीपैकी कुठलाही असो, महिन्याभराने पाइप उघडून फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर धूळ आली तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा धूळ अडवत नाही, तो त्याच दिवशी काढा आणि जुना परत लावा.