वाचकांचे प्रश्न : फोनवर लोगोचा ठिपका का होतो?

प्रश्न : आम्ही कोथरूड-कर्वेनगर भागात घरपोच दूध देतो. महिन्याचं बिल ॲपमधूनच भरता यावं म्हणून ‘झटपट भरणा’ ही सोय सुरू करतोय. तिच्यासाठी मोबाइल, त्यातून बाहेर येणारं ₹ आणि खाली दुधाची किटली असा लोगो करून घेतला. पत्रकावर तो झकास दिसतो. फोनवर मात्र नुसता ठिपका, आणि नोटिफिकेशनमध्ये तर पांढरा चौकोन! चुकलं कुठे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : चौकोनाचं आधी सांगतो, ते सोपं आहे. नोटिफिकेशनच्या चिन्हातले रंग अँड्रॉइड विचारात घेत नाही. कुठला भाग भरीव आणि कुठला पारदर्शक, एवढंच बघतं. तुमच्या चित्रामागे रंगीत पाटी असणार, ती अख्खी पांढरी उमटली. पाटी काढलेली, एकरंगी अशी वेगळी फाइल द्या.

ठिपक्याचं दुखणं मुळातलं आहे : एका चिन्हात तीन वस्तू कोंबल्यात. मोबाइल पहिला काढा. ग्राहकाच्या हातात तो आहेच, त्याला त्याचंच चित्र कशाला? ₹ सुद्धा काढा, असं आमचं मत. २०१० साली स्वीकारलेलं हे चिन्ह सुरेखच आहे, पण पैशांच्या ॲपमध्ये ते जिथे-तिथे दिसतं. त्यातून ‘पैसे भरा’ कळतं, ‘कोणाला’ ते कळत नाही. शिवाय २४ पिक्सेलच्या चौकोनात तीन वस्तू बसवल्या की ₹च्या वाट्याला आठ-दहा पिक्सेल येतात. वरच्या दोन आडव्या रेघांमधली फट बुजते आणि काळा डाग उरतो.

किटली ठेवा, ती तुमची आहे. चौकटीच्या वहीत २४ बाय २४ घरं आखा. खालच्या १५ घरांत भरीव किटली, कडी एका बाजूला कललेली. तोंडावर २ घरं मोकळी, त्यावर ५ घरांचं भरीव गोल नाणं. कुठलीही रेघ किंवा फट २ घरांपेक्षा बारीक नको. बरोबरची खूण घालायचा मोह होईल, तो टाळा : बिल भरलं गेलंय असं समजून लोक पुढे जातात.

हे काळ्या-पांढऱ्यात जमल्यावरच रंग. फक्त लाल-हिरव्या फरकावर अर्थ सोडू नका. काहींना तो फरक दिसतच नाही. पार्श्वभूमीशी उजळपणाचं प्रमाण किमान ३:१ हवं. ॲपच्या मुख्य आयकॉनसाठी अँड्रॉइडचा कॅनव्हास १०८ बाय १०८ एककांचा असतो, पण कुठला फोन तो आयकॉन गोल कापतो, कुठला चौकोनी. म्हणून किटली-नाणं मधल्या ६६ एककांच्या वर्तुळातच बसवा.

मग भर दुपारी मंडईत उभं राहून, स्क्रीनचा उजेड कमी करून दोन सेकंद दाखवा आणि समोरच्याला कागदावर काढायला सांगा. किटली नि गोल आलं तर पुरे. चित्रकला बघायची नाही.

प्रश्न : यूपीआयचं केशरी-हिरवं चिन्ह आमच्याच लोगोत गुंफलं तर? — तेच वाचक

उत्तर : नको. ते तुमच्या मालकीचं नाही. रंग-आकार न बदलता, थोडी जागा सोडून, वेगळं ठेवा.

प्रश्न : दुकानातल्या क्यूआरच्या मधोमध लोगो टाकला. काही फोनवर तो स्कॅनच होत नाही. — एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : लोगोखाली झाकलेली माहिती ‘खराब’ धरली जाते आणि बाकीच्या ठिपक्यांवरून भरून काढली जाते. म्हणून कोड बनवतानाच दुरुस्तीची सर्वांत वरची, ‘एच’ पातळी निवडा; ती साधारण ३० टक्के नुकसान सोसते. तरी लोगो रुंदीच्या पाचव्या भागाहून मोठा नको, कारण चुरगळ आणि तेलाचे डागही त्याच हिशेबातून जातात. तीन कोपऱ्यांतल्या चौकटींना हात लावू नका. भोवती ४ ठिपक्यांएवढी कोरी कड सोडा. स्टिकर कापणारा नेमकी तीच उडवतो. गडद पाटीवर पांढरा कोड काही फोन वाचत नाहीत. आणि चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, मॅट करून घ्या.