कुत्र्याचं दोन महिन्यांचं पिल्लू नखं कापू देत नाही, सवय कशी लावावी?

पहिला आठवडा कटर नखाला लावूच नका. पिल्लू पेंगुळलेलं असताना पंजा हातात घ्या, बोट हलकं दाबून नख पुढे आणा, खाऊचा कण द्या, सोडा. दिवसातून दोनदा, एक-दोन मिनिटं पुरे. नंतर त्याच्यासमोर कटरने कच्ची मॅकरोनी कापा. बऱ्याच पिल्लांना भीती असते ती त्या 'कट्' आवाजाची. कापायला लागलात की एका वेळी एकच नख. दोघांनी दाबून धरून अठराच्या अठरा उरकलीत, तर पुढच्या वेळी ते कटर बघूनच पलंगाखाली जाईल.

पांढऱ्या नखात आतली गुलाबी शीर दिसते, तिच्या २ मिमी अलीकडे थांबा. काळ्या नखात ती दिसत नाही, म्हणून अगदी पातळ काप घेत जा. कापलेल्या जागी मधोमध गडद ठिपका दिसला की बस. रक्त आलंच तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरा.

माणसांचं नेलकटर नको, नख चेपून फाटतं. आणि पुढच्या पायाचं आतलं, वरचं नख विसरू नका. ते जमिनीला घासत नाही, त्यामुळे वाढून वळतं आणि कातडीत रुततं.