राजकीय प्रचारात करुणेला खरंच जागा असते का? एका फ्लेक्सवाल्याचं उत्तर

तुम्ही विचारलंय, "नेत्यांच्या भाषणात, बॅनरवर जो गोरगरिबांचा कळवळा दिसतो त्याचा मतांवर खरंच परिणाम होतो का, की लोकांना सगळं नाटक कळतं?"

परिणाम होतो. नाटकही कळतं. लोकांना दोन्ही एकाच वेळी जमतं.

जयसिंगपुरात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. 'दीनदुबळ्यांचा आधारवड', 'गोरगरिबांचा कैवारी', 'अश्रू पुसणारा हात' हे जे मॅटर तुम्ही चौकाचौकात वाचता, त्यातलं आमच्या भागातलं बरंचसं मी बसवलेलं आहे. एकाच आठवड्यात तीन पक्षांच्या तीन माणसांना मी आधारवड केलंय. फक्त मागचा रंग बदलायचा. तेव्हा करुणेवर बोलायचा मला अधिकार नाही असं कुणाला वाटलं तर ते बरोबरच आहे. तरी लिहितो, कारण २०१९ पासून एक गोष्ट डोक्यात बसलीय.

ऑगस्ट २०१९. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. इकडे शिरोळ तालुक्यात कृष्णा, वारणा, पंचगंगा सगळ्या एकत्र येतात, त्यामुळे आमच्याकडे पाणी चढतं लवकर आणि उतरतं सावकाश. गावातली जुनी माणसं २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून होती. भिंतीवर खूण केलेली, 'याच्या वर येत नाही.' आलं. माझी थोरली चुलती, जिला आम्ही सगळे मोठी आई म्हणतो, तिचं घर छपरापर्यंत पाण्यात. तिला बोटीतून काढून जयसिंगपुरात शाळेतल्या छावणीत आणलं. आणणाऱ्यांत तिचा स्वतःचा मुलगा होता, माझा चुलतभाऊ. आम्ही त्याला दादा म्हणतो. एका पक्षाचा कार्यकर्ता. चार दिवस तो पाण्यातच होता, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्याच्याविषयी वाकडं लिहिणार आहे.

पाणी उतरलं. कुजलेल्या उसाचा वास महिनाभर गेला नाही. आणि २ सप्टेंबरला गणपती. पुरामुळे मंडळांनी त्या वर्षी साधेपणा ठेवला होता, देखाव्याचे पैसे पूरग्रस्तांना दिले. फ्लेक्स मात्र थांबले नाहीत. उलट विधानसभा तोंडावर, सगळे इच्छुक. दादाच्या साहेबांचं काम माझ्याकडे आलं. दहा बाय पंधरा, स्टार फ्लेक्स, वर गणेशोत्सवाच्या शुभेच्छा, खाली 'पूरग्रस्तांच्या पाठीशी खंबीरपणे'. व्हॉट्सॲपवर फोटो आला, "ही म्हातारी कट करून साहेबांच्या शेजारी घे."

मी फोटोशॉपमध्ये पेन टूल घेऊन पदराच्या कडेनं बिंदू टाकत गेलो. चेहऱ्यापाशी आलो तर मोठी आई!

दादाला फोन लावला. "दादा, ही मोठी आई हाय."

"मग? माझीच आई हाय की. तुझं काय जातंय?"

बरोबर होतं. माझं काय जात होतं ते मला तेव्हा सांगता आलं नाही. फोटोत तिच्या हातात मदतीचं अर्धं किट होतं, अर्धं साहेबांच्या हातात. नंतर कळलं, साहेबांचं तोंड कॅमेऱ्याकडे नव्हतं म्हणून तिच्याकडून किट दोनदा परत घेऊन पुन्हा दिलं होतं. त्यामुळे ती जाम वैतागलेली दिसत होती. थोड्या वेळानं दादाचा मेसेज आला, "आईचा चेहरा दुःखी वाटंना. टिपं दिसतील असं काहीतरी कर."

मी केलं. एका नवीन लेयरवर दोन पांढरे थेंब, स्मज, ओपॅसिटी साठ टक्के. दहा मिनिटांचं काम. डिझाइन लगेच पास झालं, पैसेही वेळेत आले. राजकीय कामात ते सहसा होत नाही.

गौरी बसवायला मोठी आई गावात आली तेव्हा तिनं स्टँडवर तो फ्लेक्स बघितला. माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसली. चहा घेतला नाही. म्हणाली, "घर गेलं तवा मी रडले न्हाई. ह्या किटाला रडले व्हय रं?"

दादाचं म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे: फोटो नसते तर मुंबई-पुण्याचे ट्रक आले असते का? यात तथ्य आहे. पाण्यातल्या घरांचे फोटो पाहूनच माणसं धावून आली. पण ट्रक बोलावणारा फोटो वेगळा आणि पोच म्हणून घेतलेला फोटो वेगळा. त्याच पुरात सरकारी धान्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्री आणि आमदारांचे फोटो चिकटवले होते, ते राज्यभर गाजलं. एका मंत्र्यांचा बोटीतला हसरा सेल्फी व्हिडिओ आठवत असेल. मदत कमी पडली याचा राग लोक काही दिवसांनी विसरतात, स्टिकर विसरत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. माझा एवढ्या वर्षांचा हिशोब असा की, देणाऱ्याची माया बोललात तर चालते, घेणाऱ्याकडून उपकार वदवून घेतलेत तर अंगावर येते. २०१७ साली सरकारनं 'मी लाभार्थी, हे माझं सरकार' ही जाहिरात केली. सामान्य माणसाच्या तोंडून धन्यवाद. लोकांनी तिची इतकी टर उडवली की बस. आमच्याकडे पोरांनी एकमेकांच्या वाढदिवसाला 'मी लाभार्थी' छापून घेतलं. मग २०२४ ला महिन्याला १५०० रुपये आले आणि नाव काय दिलं? 'लाडकी बहीण.' राखीपौर्णिमेच्या आधी दोन महिन्यांचे ३००० खात्यात. पैसा सरकारचाच, पण एका शब्दानं लाभार्थीची बहीण झाली, आणि भावानं ओवाळणी टाकली तर बहिणीनं मान खाली घालायची नसते. नोव्हेंबरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. निवडणूक झाल्यावर पडताळणी आली, ई-केवायसी आली, आणि बहिणी पुन्हा लाभार्थी झाल्या, तो भाग वेगळा.

आणि शब्द चुकला की खरा कळवळाही कामाला येत नाही. आमच्या शेजारच्या तासगावचे आर. आर. आबा. गरिबीतून वर आलेला माणूस, ग्रामस्वच्छतेसाठी गावोगाव फिरलेला. २६/११ नंतर मोठ्या शहरात असे छोटे प्रसंग घडतात अशा अर्थाचं एक वाक्य हिंदीत बोलून गेले आणि डिसेंबर २००८ मध्ये गृहमंत्रिपद सोडावं लागलं. त्यांच्या मनात तसं नसणार, असं मी आजही छातीठोक सांगेन. पण लोकांना मन दिसत नाही, वाक्य ऐकू येतं. आमच्यासारख्यांचं उलटं आहे, वाक्यं पाहिजे तेवढी.

सगळ्यात जोरात चालते ती मात्र तिसरीच करुणा, लोकांना नेत्याविषयी वाटणारी. इंदिराजींच्या हत्येनंतर १९८४ ला काँग्रेसला चारशेच्या वर जागा मिळाल्या. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात ऐंशीला टेकलेले पवारसाहेब भर पावसात बोलत राहिले. तो फोटो मी नंतर इतक्या वेळा छापलाय की पावसाच्या रेषा डोळे मिटून काढेन. त्यात कुणाचा हात पसरलेला नव्हता, आणि फोटोशॉपमध्ये थेंब घालावे लागले नव्हते.

तुम्ही कुणासाठी प्रचाराचं लिहिणार असाल तर माझं एकच सांगणं: किट देतानाचा फोटो घ्या, पण घेणाऱ्याच्या पाठीमागून. चेहरा तुमच्या साहेबांचाच येऊ दे, हौस त्यांनाच आहे. (हे वाक्य दादासाठी. तो हे वाचेल.) अर्थात मी पैसे घेऊन टिपं काढलीत, त्यामुळे हा सल्ला किती मानायचा ते तुम्ही बघा. शिवाय एखाद्या बाईला स्वतःलाच फोटोत यायचं असू शकतं, तेही पाहिलंय.

साहेबांना तिकीट मिळालं नाही. फ्लेक्स उतरवल्यावर दादानं तो घरी नेला आणि पडलेल्या गोठ्यावर टाकला, छापलेली बाजू खाली. मोठी आई रोज दोन वेळा त्याखाली बसून धार काढते. गळत नाही अजून.