बेव्ही १.० होईपर्यंत थांबायचं का?

तुम्ही दोघं मिळून टू-डी गेम करताय, तुम्हाला रस्ट (प्रोग्रामिंगची भाषा) येतं, मित्र चित्रं आणि लेव्हल्स बघतो, वर्षभरात गेम स्टीमवर आणायचाय. बेव्ही हे रस्टमधलं गेम इंजिन आत्ताच घ्यावं की त्याचं १.० व्हर्जन येईपर्यंत वाट बघावी, हा प्रश्न. माझं मत: वाट बघू नका, पण हा गेम बेव्हीत करूही नका.

१.० वर फार विसंबू नये. गोडो या दुसऱ्या गेम इंजिनाचं ४.० व्हर्जन मार्च २०२३ मध्ये रीतसर 'स्टेबल' म्हणून आलं, तरी सी-शार्प भाषेत लिहिलेला गेम त्यातून वेबवर एक्स्पोर्ट होत नव्हता. गोडो ३ मध्ये होत होता. मोबाइलसाठी सी-शार्पची सोय ४.२ मध्ये आली, तीही प्रायोगिक. जे ३ वरच राहिले त्यांचं काही अडलं नाही; ३.६ तर सप्टेंबर २०२४ मध्ये निघालं.

म्हणून मी एकच गोष्ट तपासतो: इंजिनाचं काम आज इथेच थांबलं, तर आहे त्या व्हर्जनवर माझा गेम पुरा होईल का? रोडमॅपमध्ये काय लिहिलंय ते हिशेबात धरायचं नाही.

बेव्ही ऑगस्ट २०२० मध्ये आलं. दर काही महिन्यांनी नवं व्हर्जन येतं आणि जुना कोड मोडणार, हे ते स्वतःच रीडमीत सांगतात. ०.१५ व्हर्जनचंच उदाहरण घ्या. तोवर स्प्राइट (गेममधलं टू-डी चित्र) दाखवायला स्प्राइटबंडल स्पॉन करायचो, ०.१५ पासून नुसता स्प्राइट टाकला की ट्रान्सफॉर्म (त्याची जागा, आकार) वगैरे आपोआप येतं, आणि इमेजचं हँडल स्प्राइटच्या आत गेलं. बदल चांगलाच आहे, आणि मायग्रेशन गाइड घेऊन बसलं तर हे उरकतंही. खरी अडचण प्लगइनची. फिजिक्ससाठी रॅपियर किंवा एव्हियन, शिवाय यूआय, लेव्हल लोडर; प्रत्येकाचं प्रत्येक व्हर्जन बेव्हीच्या ठरावीक व्हर्जनला बांधलेलं. एक जरी मागे राहिला तरी तुम्ही अडकलात. तसंच रेटून अपग्रेड केलंत तर कार्गो (रस्टचं पॅकेजेस आणणारं साधन) गुपचूप बेव्हीची दोन व्हर्जन्स आणतं आणि कंपायलर सांगतो की तुमच्या टाइपवर कंपोनंट ट्रेट (टाइप बेव्हीत वापरायला लागणारा गुणधर्म) नाही. तो तर तुम्ही डोळ्यांदेखत डिराइव्ह केलेला असतो! (अशा वेळी 'कार्गो ट्री -डी' चालवून बघा, कोणतं पॅकेज दोनदा आलंय ते दिसतं.)

तुमच्या बाबतीत मात्र मित्राचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. गोडोत तो एडिटर उघडून स्वतः टाइल्स मांडेल, प्ले दाबेल. बेव्हीसोबत असा तयार एडिटर मिळत नाही. एलडीटीके किंवा टाइल्ड या वेगळ्या लेव्हल एडिटरमध्ये लेव्हल करून प्लगइनने आत आणता येते, पण त्यातलं प्रत्येक नवं दार, नवा शत्रू कोडमध्ये जोडायला तो तुमच्याकडेच येणार.

टायनी ग्लेडचं उदाहरण कोणीतरी देईलच. तो २०२४ चा गेम दोघांनीच केला हे खरं, पण त्यांनी बेव्हीचं मुख्यतः ईसीएस (गेममधल्या वस्तू आणि त्यांची माहिती सांभाळणारा भाग) घेतलं आणि रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) स्वतः लिहिला. ज्यांना इंजिनाचा अर्धा भाग स्वतः लिहिता येतो, त्यांनी खुशाल अर्धवट इंजिन घ्यावं.

बेव्ही शिकायचंच असेल तर एखाद्या गेम जॅमसाठी (थोड्या वेळात छोटा गेम करायचा उपक्रम) वापरा, मजा येते. आणि इतकं सांगूनही हाच गेम त्यात करणार असाल, तर सगळे प्लगइन ज्यावर चालतात ते बेव्ही व्हर्जन कार्गो.टोमलमध्ये बरोबरचं चिन्ह (=) लावून पक्कं करा, कार्गो.लॉक गिटमध्ये टाका, आणि गेम स्टीमवर जाईपर्यंत नव्या व्हर्जनची घोषणा आली तरी अपग्रेड करू नका.